चाळिसाव्या क्वार्टरची किंमत

अमेरिकेत २०२६ साली नोकरी करून १,८९० डॉलर मिळवले की सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेच्या, दफ्तरी तुमच्या नावावर एक क्वार्टर, म्हणजे कामाच्या एका तिमाहीची नोंद, चढतो. वर्षाला जास्तीत जास्त चार. असे चाळीस जमले की वयाच्या ६५व्या वर्षी मेडिकेअर या म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलात भरती झाल्यावरच्या खर्चाचा सरकारी विमा, हप्ता न भरता मिळतो. एकोणचाळीसच जमले असतील तर महिन्याला ३११ डॉलर. तीससुद्धा नसतील तर ५६५.

आता जरा हिशोब मांडा. १,८९० डॉलरवर मेडिकेअरचा कर कामगाराच्या पगारातून १.४५ टक्के कापला जातो आणि मालक तेवढाच घालतो. मिळून ५४ डॉलर ८१ सेंट. एवढी भर घातलेला तो शेवटचा क्वार्टर हाताशी असेल तर माणसाचे वर्षाला ३,७३२ डॉलर वाचतात, आणि तेही हयातभर. नसेल, तर आधीच्या एकोणचाळिसांत त्याने लाखो डॉलरवर कर भरला असला तरी हप्ता चुकत नाही.

इथल्या मराठी घरांत हा विषय निघतो तो मात्र बहुतेक वेळा आई-बाबांमुळे. मुलगी सिटिझन होते, आई-बाबांचं ग्रीन कार्ड करते, साताऱ्याच्या घराला कुलूप लावून दोघं न्यू जर्सीला किंवा डॅलसला येतात. बाबा अडुसष्ट, आई पासष्ट. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात गेलेली, पण अमेरिकेच्या दफ्तरी क्वार्टर शून्य. पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय त्यांना मेडिकेअर विकतही घेता येत नाही. पुढे घेता येऊ लागलं की पार्ट ए ५६५ डॉलर, आणि त्याच्या जोडीला घ्यावाच लागणारा, डॉक्टरांच्या फीसाठीचा पार्ट बी २०२ डॉलर ९० सेंट. दोघांचं मिळून महिन्याला दीड हजार डॉलरच्या वर. मग मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत उभं असताना कोणीतरी म्हणतंच, "आपण एवढा टॅक्स भरतो, आणि आपल्या आई-बाबांना काही नाही!"

ही तक्रार मला पटत नाही. पार्ट ए ही खैरात नाही, आणि सर्वसाधारण करांतून चालणारी योजनाही नाही. काम करणाऱ्यांच्या पगारातून वेगळा कापलेला पैसा वेगळ्या ट्रस्ट फंडात जातो आणि त्यातून म्हाताऱ्यांची हॉस्पिटलची बिलं भागतात. तुम्ही भरलेल्या करावर तुमचा हक्क तयार होतो, तुमच्या वडिलांचा नाही. तो शेजारच्या आयरिश आडनावाच्या माणसाच्या वडिलांचाही तयार होत नाही. शिवाय ५६५ डॉलर हा दंड म्हणून लावलेला आकडा नाही. पासष्टीपुढच्या एका माणसावर पार्ट ए सरासरी जेवढा खर्च करतो, त्याच अंदाजावर तो ठरतो. म्हणजे मधुमेह असलेल्या, बायपास झालेल्या माणसालाही तब्येतीची चौकशी न करता सरासरीच्या भावात विमा मिळतो. १९६५ साली मेडिकेअरचा कायदा होण्याआधी अमेरिकेतल्या जेमतेम निम्म्या वृद्धांकडे हॉस्पिटलचा विमा होता. बाकीच्यांना कंपन्या दारात उभं करत नव्हत्या, आणि केलंच तर परवडेल असा दर सांगत नव्हत्या. तेव्हा आई-बाबांना बोलावण्याआधी हा खर्च मुलांनी वहीत मांडायचा असतो. ग्रीन कार्डाच्या वेळी आय-८६४ या फॉर्मवर सही करून आपण त्यांच्या चरितार्थाची हमी सरकारला दिलेली असते, ती काय शोभेसाठी नव्हे.

(कोणी म्हणेल, त्याच आई-बाबांनी वाढवलेला, शिकवलेला तयार इंजिनियर अमेरिकेला फुकटात मिळाला, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. पण त्याची भरपाई मागायची तर ती पुण्यातल्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजाचा खर्च उचलणाऱ्या महाराष्ट्रातल्या करदात्याने मागायला हवी. तिचा आणि आई-बाबांच्या हप्त्याचा संबंध जोडता येत नाही.)

आई-बाबांच्या बाजूने बोलण्यासारखा एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मंडळात कधी ऐकू येत नाही. आजी इथे येऊन काय करते? सकाळी नातवंडांना उठवते, डबे भरते, शाळेच्या बसपर्यंत सोडते, तान्हं असेल तर दिवसभर सांभाळते. हेच काम पाळणाघरातली बाई करते तेव्हा तिच्या पगारातून मेडिकेअरचा कर कापला जातो आणि तिच्या नावावर क्वार्टर चढतात. आजीला मुलाने रीतसर, चेकने पगार दिला तरी चढत नाहीत! मुलाच्या घरी घरकाम करणाऱ्या आई-वडिलांचा पगार अमेरिकेच्या करकायद्याने या हिशोबातून वगळलेला आहे. मुलगा विधुर किंवा घटस्फोटित असेल, अथवा सुनेला आजारपणामुळे मूल सांभाळणं शक्य नसेल, अशाच एखाद्या घरात अपवाद होतो. घरात धडधाकट सून असेल तर आजीचं काम हे कामच नव्हे, असा त्याचा अर्थ. याविरुद्ध ओरड करायला माझी ना नाही. आपली माणसं करतात ते भलतंच: घरच्या दुकानाच्या पगारपत्रकावर आजोबांचं नाव चढवून दहा वर्षांत चाळीस क्वार्टर जमवायचा सल्ला एकमेकांना देतात. आजोबा खरंच गल्ल्यावर बसत असतील तर प्रश्न नाही. बसत नसतील तर तो सरळसरळ गुन्हा आहे.

आता मूळ तत्त्वाकडे. जो भरेल त्याला मिळेल. ३० जुलै १९६५ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सननी मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावी, म्हाताऱ्या माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमनच्या शेजारी बसून मेडिकेअरवर सही केली आणि पहिलं कार्ड ट्रूमनना दिलं. पुढच्या वर्षी १ जुलैला योजना सुरू झाली तेव्हा सुमारे एक कोटी नव्वद लाख लोक तिच्यात आले. यांतल्या कोणीही या विम्यासाठी आयुष्यभर कर भरला नव्हता. कर लागू होऊन सहाच महिने झाले होते. जे आधीच पासष्टीचे होते त्यांना, आणि १९६८च्या आत पासष्टीचे होणार होते त्यांना, कामाच्या क्वार्टरची अट माफ होती. म्हणजे पहिल्या दिवशी हा हक्क वयावर दिला गेला आणि कामाची अट मागाहून, हळूहळू चढवत नेली. मला त्यात काही गैर वाटत नाही, सुरुवात अशीच करावी लागते. फक्त 'चाळीस क्वार्टर म्हणजे आकाशातून आलेली आज्ञा' असं कोणी सांगू लागलं तर हे आठवावं. संसदेने ठरवलेला आकडा संसदेला बदलता येतो.

आणि तो आकडा मोजतो काय? पैसे नव्हेच. वर्षाला १,२०,००० डॉलर पगाराचा, एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचा इंजिनियर घ्या. त्याच्या पगारावर मेडिकेअरचा कर, मालकाचा वाटा धरून, वर्षाला ३,४८० डॉलर. सहा वर्षांत २०,८८० डॉलर आणि क्वार्टर चोवीस. दुसरीकडे, दुकानात अर्धवेळ काम करून वर्षाला जेमतेम चार क्वार्टरपुरते पैसे मिळवणारी बाई. तिच्या दहा वर्षांचा कर आजच्या दराने २,२०० डॉलरही होत नाही. तिला पार्ट ए हप्त्याविना मिळतो, त्याला एक पैशाची सूट मिळत नाही. बाईला मिळतो हे मला मनापासून आवडतं. थोडं कमावणाऱ्यालाही हॉस्पिटलचं तेच दार उघडावं हेच या योजनेचं मोठेपण आहे. पण मग "जेवढं भरलं तेवढं मिळालं" हे वाक्य खोटं ठरतं. इथे मोजला जातो तो काळ: या देशाच्या कामगारांत तुम्ही किती वर्षं होतात. ठीक आहे, काळ मोजा. पण मग सहा वर्षं ही दहाच्या साठ टक्के होतात, शून्य टक्के नाही.

एच-१बीची गोष्ट तर अशी की नियमच दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात. व्हिसाची कमाल मुदत साधारणपणे सहा वर्षं, आणि हक्कासाठी काम हवं दहा वर्षांचं. मालकाने ग्रीन कार्डाची फाइल पुढे सरकवली तरच मुदत वाढत जाते. ज्याची सरकली नाही, जो कंटाळून किंवा नोकरी जाऊन पुण्याला परतला, त्याने भरलेला कर फंडात राहिला आणि त्याचा हक्क कुठेच राहिला नाही. मिळवलेले क्वार्टर कधी पुसले जात नाहीत हे खरं, पण चोवीस क्वार्टर जन्मभर सांभाळून तो करणार काय? असे भरून निघून जाणारे लोक या फंडाला सगळ्यात फायद्याचे, कारण त्यांचं एकही बिल त्याला द्यावं लागत नाही. (एफ-१ व्हिसावर शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांचं तसं नाही. पहिली पाच वर्षं, ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या तात्पुरत्या परवान्यावरच्या, नोकरीतसुद्धा, त्यांच्या पगारातून हा कर बहुधा कापलाच जात नाही आणि क्वार्टरही चढत नाहीत. ना देणं ना घेणं. तो व्यवहार मला स्वच्छ वाटतो.)

यापुढची पायरी ४ जुलै २०२५ला गाठली गेली. त्या दिवशी सही झालेल्या मोठ्या अर्थविषयक कायद्यात मेडिकेअरबद्दल एक कलम आहे. त्यानुसार हा विमा आता अमेरिकेचे नागरिक, ग्रीन कार्डधारक, क्यूबा-हैतीहून आलेला एक ठरावीक वर्ग आणि पॅसिफिकमधल्या तीन करारबद्ध बेटदेशांचे लोक, एवढ्यांनाच. त्याआधी देशात कायदेशीर वास्तव्य असलेल्या आणि चाळीस क्वार्टर पुरे केलेल्या माणसाला ६५व्या वर्षी पार्ट ए मिळत असे, मग त्याच्याकडे ग्रीन कार्ड असो वा नसो. आता नाही. आधीपासून मेडिकेअरवर असलेल्या अशा लोकांना अठरा महिन्यांची सवलत आहे, ती ४ जानेवारी २०२७ला संपते.

या कलमाचा फटका कोणाला बसणार, याचा विचार आपल्या लोकांनी फारसा केलेला दिसत नाही. नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. पन्नाशीच्या सुमारास एच-१बीवर आलेला माणूस पंधरा वर्षं काम करतो, साठ क्वार्टर जमवतो, आणि पासष्टीला अजून रांगेतच असतो. त्याच्या पगारातून कर एकदाही चुकला नाही. कापताना कोणी त्याला विचारलं नाही की तुझं ग्रीन कार्ड आलं का. द्यायची वेळ आली तेव्हा विचारलं. आई-बाबांना विकत घ्यावं लागतं याला मी अन्याय म्हणणार नाही. हा मात्र निखालस अन्याय आहे, कारण 'भरेल त्याला मिळेल' हे तत्त्व ज्यांनी घालून दिलं त्यांनीच ते मोडलं.

बायकांच्या बाबतीत कायदा एका अंगाने उदार आहे आणि दुसऱ्या अंगाने कठोर. नवऱ्याचे चाळीस क्वार्टर असतील, त्याला बासष्ट पूर्ण असतील आणि लग्नाला वर्ष झालं असेल, तर स्वतः एक दिवसही नोकरी न केलेल्या बायकोला ६५व्या वर्षी पार्ट ए हप्त्याविना मिळतो. (बायकोच्या क्वार्टरवर नवऱ्यालाही मिळतो. जोडीदार वयाने बराच लहान असेल तर त्याची बासष्टी येईतो थांबावं लागतं. आपल्यात नवरा सहसा मोठा, म्हणून ही अडचण कमी दिसते.) घर सांभाळणाऱ्या बाईचा वाटा कायद्याने असा न बोलता मान्य केला आहे. पण लग्न मोडलं तर ते किमान दहा वर्षं टिकलेलं असावं लागतं आणि तिने पुन्हा लग्न केलेलं चालत नाही.

आता एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आलेली मुलगी बघा. नाशिकला चांगली नोकरी करत होती, लग्न होऊन इथे आली. २०१५च्या मे महिन्यापर्यंत एच-४वर काम करायला परवानगीच नव्हती. त्यानंतरही नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्याच्या पुढे गेला असेल तरच मिळते. म्हणजे कायद्यानेच तिला घरी बसवलं. नवव्या वर्षी घटस्फोट झाला तर तिच्याकडे स्वतःचे क्वार्टर नाहीत, कारण कमवायची बंदी होती, आणि नवऱ्याचे मिळत नाहीत, कारण एक वर्ष कमी पडलं. त्रासाच्या घरात दहावं वर्ष पूर्ण होण्याची वाट बघत राहा, असा सल्ला वकील देतात तेव्हा तो कायद्याला धरूनच असतो. ज्या काळात सरकारने काम करायला मना केलं, तो काळ तरी तिच्या खात्यात धरायला काय हरकत आहे, याचं उत्तर मला अजून कुठे सापडलेलं नाही.

भारत सरकारकडून या बाबतीत एकच मागणी पुन्हा पुन्हा होते, टोटलायझेशन कराराची: दोन देशांतली नोकरीची वर्षं एकत्र मोजायची आणि कंपनीने तात्पुरत्या पाठवलेल्या माणसावर दोन्हीकडचा कर लादायचा नाही. जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलियाशी भारताचे असे करार आहेत, अमेरिकेशी नाही. तो व्हायलाच हवा. पण त्याने म्हातारपणीच्या हॉस्पिटलचा प्रश्न सुटेल या भ्रमात राहू नये. अमेरिकेने तिसेक देशांशी जे करार केलेत त्यांत परदेशातली वर्षं सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनसाठी जोडली जातात, मेडिकेअरच्या चाळीस क्वार्टरसाठी नाही. करार उद्या झाला तरी पुण्यातली दहा वर्षं आणि ह्यूस्टनमधली सहा यांची बेरीज होऊन पार्ट ए हाती पडणार नाही. कंपन्यांचा पैसा वाचेल. म्हाताऱ्यांचा नाही.

परत गेलेल्यांचं काय, तर पार्ट ए पूर्ण मिळवलेल्यालाही तो पुण्यात कामाचा नाही. मेडिकेअर काही तुरळक अपवाद सोडले तर अमेरिकेबाहेरचं बिल देत नाही. तिथे, भारतीय नागरिकत्व राखलं असेल तर, सत्तरीनंतर आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड निघतं. २९ ऑक्टोबर २०२४पासून ही सोय आहे: उत्पन्नाची अट नाही, नोकरी किती केली हा प्रश्न नाही, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. शेतमजूर बाई आणि निवृत्त कलेक्टर एकाच रांगेत, हे मला अमेरिकेच्या नियमापेक्षा जास्त माणुसकीचं वाटतं. पण या योजनेमागे तिच्याच नावाने कापलेला पैसा नाही. जे काही आहे ते अर्थसंकल्पातून, म्हणून हॉस्पिटलांना मिळायचे पैसे रखडतात, कित्येक राज्यांतली खासगी हॉस्पिटलं थकबाकीची ओरड करतात, आणि कार्ड घेऊन गेलेल्या आजोबांना काउंटरवर "सध्या स्कीमचे पेशंट घेत नाही" ऐकावं लागतं. अमेरिकेतल्या म्हाताऱ्याला असं सहसा कोणी म्हणत नाही. त्याच्या कार्डामागे साठ वर्षं न चुकता कापलेला कर उभा आहे, आणि त्याला हात लावायला कोणत्याही पक्षाचा पुढारी कचरतो. म्हणूनच मला कामाशी जोडलेला हक्क मोडायचा नाही. तो नीट मोजायचा आहे.

मोजायचा कसा? दर क्वार्टरमागे हप्त्याचा चाळिसावा भाग कमी करा. चोवीस क्वार्टरवाल्याला ५६५च्या जागी २२६ डॉलर, एकोणचाळीसवाल्याला १४. तीसच्या खाली काहीच नाही, तीसला एकदम पंचेचाळीस टक्के सूट, चाळीसला सगळं माफ, अशा तीन उड्या कशासाठी? एच-४वर कामाची बंदी असलेली वर्षं आणि नातवंडं सांभाळण्याचा रीतसर पगार, दोन्ही धरा. आणि ज्याचे चाळीस क्वार्टर पुरे झाले त्याला २०२५च्या कलमातून वगळा, त्याचं ग्रीन कार्ड कुठल्याही रांगेत असो.

याला खर्च येईल, पण तो फुगवून सांगितला जाईल याची खात्री बाळगा. आजच मेडिकेअरवरच्या सुमारे ९९ टक्के लोकांना पार्ट एचा हप्ता नाही. उतरता दर लावायचा झाला तर तो उरलेल्या मूठभरांसाठी, आणि हप्ता परवडत नाही म्हणून बाहेर राहिलेल्या काहींसाठी. खरी अडचण फंडाची आहे. विश्वस्तांच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे तो २०३३मध्ये आटतो. त्यानंतर येणाऱ्या करातून पूर्ण बिलं भागणार नाहीत. तेव्हा त्याच्या आत अमेरिकेच्या संसदेला हा कायदा पुन्हा हातात घ्यावाच लागेल, कर वाढवायला किंवा खर्च कापायला. मंडळांनी आपल्या खासदारांना गाठायचं ते त्या वेळी, आणि हातात कागद ठेवायचा तो साठ क्वार्टर भरून रांगेत बसलेल्या माणसाचा आणि नऊ वर्षांनी घराबाहेर पडलेल्या बाईचा. आई-बाबांच्या दीड हजार डॉलरचा कागद घरीच राहू द्यावा.